घराच्या पूरविम्यावर कर कुठे वाचतो, कुठे वाचत नाही

घराचा विमा काढला की हप्त्याची पावती ८०सी मध्ये लावता येते, असं छातीठोकपणे सांगणारे एजंट अजूनही भेटतात. लावता येत नाही. कलम ८०सी मध्ये आयुर्विमा बसतो, ८०डी मध्ये आरोग्यविमा. घराच्या भिंती, छप्पर, आतलं सामान यांच्या विम्याला या दोन्ही कलमांत जागा नाही. जुन्या कररचनेत नाही आणि नव्या कररचनेत तर नाहीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला, ८०सी चं कलम १२३ झालं, ८०डी चं १२६ झालं, पण या बाबतीत फरक पडलेला नाही. खाली दिलेले कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचं उत्पन्न त्याच कायद्यानं मोजायचं आहे आणि बोलण्यातही अजून तेच आकडे आहेत.

तरीही ही पावती लावून टाकली तर? रिटर्न भरताना कोणी अडवत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की चाललं. नंतर छाननीत वजावट उडाली की कर आणि व्याज भरावं लागतंच, शिवाय कलम २७०ए खाली उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड लागू शकतो: कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के. तीन-चार हजारांच्या हप्त्यासाठी हा उद्योग करू नये.

कर वाचण्याच्या खऱ्या जागा वेगळ्या आहेत: घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरत असाल तर, विम्याचे पैसे हातात येतात तेव्हा, सरकारी मदत मिळते तेव्हा आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर. यात हप्त्यावर वाचणारा कर अगदीच किरकोळ असतो. दाव्याच्या रकमेचा हिशेब चुकला, तर मात्र लाखात फटका बसतो. लोक नेमकं उलट करतात. हप्त्याच्या पावतीमागे धावतात आणि दाव्याचे पैसे आले की कर हा विषयच विसरतात.

आधी पॉलिसीत पूर आहे का ते बघा

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. पूर आणि पाणी शिरणं, वादळ, वीज, भूकंप, दरड, जमीन खचणं, आग, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं हे सगळं तिच्या मूळ संरक्षणात येतं, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. विमा लागू असलेली घटना घडल्यानंतर सात दिवसांत त्या घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते. पुराच्या वेळी कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलेल्यांना हे कलम फार उपयोगाचं आहे आणि फार थोड्यांना माहीत असतं.

विमा रक्कम काढण्याची रीत सोपी आहे. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा ८०० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये, तर २० लाख. फ्लॅटचा बाजारभाव ९० लाख असला तरी तो इथे चालत नाही, कारण त्यात जागेची किंमत आणि परिसराचा भाव आहे. पुरानं जागा वाहून जात नाही. ९० लाखांवर हप्ता भरला तरी मिळणार प्रत्यक्ष बांधकामाचाच खर्च.

इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरसामान यादी न देताच धरलं जातं. वरच्या उदाहरणात ४ लाख. त्याहून जास्त किमतीचं सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागते. दागिने आणि मौल्यवान वस्तू मात्र वेगळ्या निवडाव्या लागतात, आपोआप येत नाहीत. मोटारसायकल आणि कार यात कधीच नसतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडालेल्या गाडीसाठी गाडीचीच सर्वंकष पॉलिसी हवी, नुसती थर्ड पार्टी पुरत नाही.

पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दर वर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. सोसायटी इमारतीचा विमा काढते आणि त्याचा खर्च मेंटेनन्समधून वसूल होतो, पण ती पॉलिसी नक्की कशाची आहे हे सेक्रेटरीलाही अनेकदा ठाऊक नसतं. काही पॉलिसींमध्ये हप्ता कमी करण्यासाठी वादळ आणि पूर हा भाग काढून टाकलेला असतो. विम्याच्या भाषेत त्याला एसटीएफआय म्हणतात. पॉलिसीच्या अनुसूचीत हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढे ‘समाविष्ट’ आहे की ‘वगळले’ ते वाचा. शिवाय सोसायटीच्या पॉलिसीत तुमच्या घरातला फ्रिज, कपाट, गाद्या नसतात. तळमजल्यावर असाल तर सामानाची पॉलिसी स्वतःची हवीच.

वेळेबद्दल एवढंच: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आल्यावर किंवा सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेल्यावर विमा काढायला जाऊ नये. एक तर कंपनी टाळते, आणि घेतलीच तर पॉलिसी सुरू होण्याआधी सुरू झालेलं नुकसान तिच्यात येत नाही. एप्रिल-मे हीच वेळ. घर निळ्या पूररेषेत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत असेल, तर प्रस्ताव अर्जात ते लपवू नका. दाव्याच्या वेळी सर्वांत आधी तेच निघतं.

‘होम इन्शुरन्स’ आणि ‘होम लोन इन्शुरन्स’

८०सी चा गोंधळ होतो तो इथून. गृहकर्ज घेताना बँक दोन वेगळे विमे पुढे करते. एक घराचा, आणि दुसरा कर्जदाराचा, म्हणजे कर्ज फिटायच्या आत कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरेल असा. दुसरा हा आयुर्विमा आहे. त्याचा हप्ता जुन्या कररचनेत ८०सी च्या १.५ लाखाच्या मर्यादेत बसू शकतो. पहिला बसत नाही. दोन्हींचा हप्ता मिळून एकच रक्कम कर्जात जमा झालेली असेल, तर बँकेकडून दोन वेगळ्या पावत्या मागून घ्या. पावतीवर आयुर्विमा कंपनीचं नाव असेल तो भाग वेगळा काढा, सामान्य विमा कंपनीचं असेल तो बाजूला ठेवा.

घराच्या विम्याचा हप्ता कर्जात मिसळून ईएमआयमधून फिटत असेल, तरी तो मुद्दलाच्या परतफेडीत धरून ८०सी मध्ये नेता येत नाही. ८०सी मधली मुद्दलाची वजावट घर विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी घेतलेल्या कर्जाची आहे.

घर कसं वापरता त्यावर सगळं ठरतं

स्वतः राहत असाल तर हप्त्यावर कसलीच वजावट नाही. विषय संपला.

घर भाड्यानं दिलं असेल तर कलम २४(अ) प्रमाणे निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दोन्ही कररचनांत. दुरुस्ती, विमा, भाडं वसुलीचा खर्च हे सगळं या ३० टक्क्यांत आलं असं कायदा मानतो. विम्यावर एक रुपया खर्च केला नाही तरी ३० टक्के मिळतात आणि दहा हजार खर्च केले तरी तेवढेच. उदाहरणार्थ, महिना १५,००० प्रमाणे वर्षाचं भाडं १,८०,०००, मालकानं प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी ६,०००, उरले १,७४,०००. त्याचे ३० टक्के ५२,२००. करपात्र १,२१,८००. यातून पुन्हा विम्याचे ३,००० वजा करायला जाऊ नका. घरपट्टी मात्र त्याच वर्षात आणि मालकानं भरलेली असावी लागते. भाडेकरूनं भरलेली चालत नाही.

व्यवसायाचा भाग हा खरा कामाचा. घरातच दवाखाना, वकिली, शिकवणी, शिलाई, किराणा दुकान किंवा सीएचं ऑफिस असेल, तर कलम ३०(क) प्रमाणे त्या जागेच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता हा व्यवसायाचा खर्च आहे. यंत्रं आणि फर्निचरचा विमा कलम ३१ मध्ये, मालसाठ्याचा विमा ३६(१)(i) मध्ये. हे खर्च नव्या कररचनेतही मिळतात, कारण नव्या रचनेनं काढून घेतल्या त्या प्रामुख्यानं गुंतवणुकीच्या वजावटी. धंद्याचे हे साधे खर्च जागेवरच आहेत.

घराचा काहीच भाग व्यवसायासाठी असेल तर कलम ३८ प्रमाणे त्या प्रमाणात. समजा घर १,२०० चौरस फूट, त्यातला ३०० चौरस फुटांचा दवाखाना, म्हणजे २५ टक्के. हप्ता ६,००० अधिक १८ टक्के जीएसटी मिळून ७,०८०. डॉक्टरांची जीएसटी नोंदणी नसेल तर ७,०८० चे २५ टक्के, १,७७० रुपये खर्चात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह साधारण ५५२ रुपये वाचतील. एवढ्यासाठी विमा काढायचा नसतो हे उघड आहे. पण दुकानाचा साठा वीस-पंचवीस लाखांचा असेल तर हाच हिशेब बराच मोठा होतो.

यात चार ठिकाणी लोक अडकतात. पहिली गोष्ट, ४४एडी किंवा ४४एडीए खाली अंदाजित उत्पन्न, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी काढलेलं, दाखवत असाल तर विम्याचा खर्च वेगळा मिळत नाही. तो त्या टक्केवारीतच धरलेला असतो. दुसरी, हप्ता रोखीनं भरला आणि एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर गेला, तर कलम ४०ए(३) प्रमाणे तो खर्चच अमान्य. तिसरी, दहा वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल आणि हिशेब मर्कंटाइल पद्धतीचे, म्हणजे पैसे कधी दिले यापेक्षा खर्च कोणत्या वर्षाचा ते बघणारे असतील, तर दर वर्षी त्या वर्षाचाच भाग खर्चात घ्या, बाकीचा आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात दाखवा. चौथी गोष्ट सर्वांत महागात पडते: रिटर्नमध्ये २५ टक्के जागा दुकानाची म्हणायची आणि विमा प्रस्तावात ‘फक्त निवासी वापर’ लिहायचं. पूर आला की दोन्ही कागद एकमेकांसमोर येतात. दुकान असेल तर त्या भागासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्या. ती ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे.

कोकणातले होमस्टेवाले याच गटात. रोजच्या दरानं खोली, जेवण, सफाई अशी सेवा देत असाल तर ते व्यवसायाचं उत्पन्न. नुसतं घर महिन्याच्या भाड्यानं दिलं असेल तर ते घरभाड्याचं, मग त्याला व्यवसाय म्हणून विम्याचा खर्च लावता येत नाही. २०२४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमानं ही पळवाट स्पष्टपणे बंद केली.

जीएसटीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा जीएसटीमुक्त झाला. घराचा विमा झालेला नाही, त्यावर १८ टक्के आहेतच. नोंदणीकृत व्यावसायिकाला व्यवसायाच्या भागापुरतं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे हप्त्यावर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वळता करता येतो, पण पॉलिसीवर जीएसटी क्रमांक घातलेला हवा. क्रेडिट घेतलं तर तो जीएसटी पुन्हा खर्चात धरायचा नाही. निवासी भाड्याच्या घरासाठी क्रेडिट नाही.

पाणी ओसरल्यावरचे पहिले दिवस

पुढचा करही इथेच ठरतो, कारण नंतर लागणारे सगळे कागद याच दिवसांत तयार होतात किंवा हुकतात.

घरात शिरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मोबाइल घ्या. भिंतीवर चिखलाची जी आडवी रेघ उमटलेली असते तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, आकडा वाचता येईल असा. मग प्रत्येक खोलीचे चार कोपरे, मग प्रत्येक उपकरण, त्याच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर दिसेल असं. फोटोंची तारीख-वेळ बंद करू नका. भिजलेला फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन चालू करून बघू नका. शॉर्टसर्किट झालं तर नुकसान पुराचं की तुमच्या हातचं असा वाद सुरू होतो, आणि जिवाला धोका वेगळाच.

कंपनीला लगेच कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. मोठ्या दाव्यावर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा, येतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. गाव बुडालेलं असताना हे गणित लांबतं, म्हणून सर्व्हेअर यायच्या आत चिखल काढायचाच असेल तर काढा, पण कुजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं फेकून देऊ नका. अंगणात ढीग करा, फोटो काढा, आणि ‘आरोग्याच्या कारणासाठी हलवत आहोत’ असा ईमेल कंपनीला आधी पाठवा. नगरपालिकेच्या कचरागाडीत सामान गेलं की सर्व्हेअरच्या लेखी ते नव्हतंच.

तलाठ्यांचा पंचनामा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, करून घ्या आणि प्रत मागा. पंचनाम्यात ‘अंशतः नुकसान’ की ‘पूर्णतः’ हा शब्द नीट वाचून सही करा. सरकारी मदतीची रक्कम त्यावर ठरते, आणि विमा कंपनीला दिलेल्या दाव्याशीही तो शब्द जुळायला हवा.

दावा फेटाळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘ओल’. गच्चीतून किंवा भिंतीतून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी हा पूर नाही. खालून वर चढलेली पाण्याची रेघ हा पूर आहे. म्हणून ती मोजपट्टी.

कंपनीनं नकार दिला किंवा रक्कम फार कापली, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, एक महिना वाट, मग विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत.

दाव्याचे पैसे आले: आता कर

‘नुकसान भरून मिळालं, त्यात नफा कसला’ हा प्रश्न रास्त आहे. १९९१ मध्ये वनिया सिल्क मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही असंच म्हटलं होतं: जळालेल्या यंत्राचे विम्याचे पैसे मिळणं म्हणजे हस्तांतरण नव्हे, म्हणून भांडवली नफा (मालमत्ता विकून होणारा नफा) नाही. त्यावर सरकारनं १९९९ च्या वित्त अधिनियमानं कलम ४५(१अ) घातलं. पूर, चक्रीवादळ, भूकंप, आग, दंगल यांत भांडवली मालमत्तेचं नुकसान झालं किंवा ती नष्ट झाली आणि विमा कंपनीकडून पैसे मिळाले, तर ती रक्कम विक्रीची किंमत मानायची आणि नफा असेल तर पैसे मिळाल्याच्या वर्षी कर लावायचा. पूर ऑगस्टमधला आणि पैसे पुढच्या मे महिन्यातले असतील तर वर्ष मे महिन्याचं.

सामानाचं काय? फ्रिज, सोफा, भांडी, कपडे, अंथरूण या स्वतःच्या वापराच्या वस्तू ‘भांडवली मालमत्ता’ या व्याख्येतच बसत नाहीत. त्यांच्या दाव्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं मात्र व्याख्येत आहेत. म्हणून कंपनीकडून मिळणारं सेटलमेंट पत्र एकाच आकड्याचं घेऊ नका. इमारत किती, घरसामान किती, दागिने किती अशी फोड लेखी मागा. एकरकमी १४ लाख लिहिलेलं पत्र हातात असेल तर त्यातले ४ लाख करमुक्त सामानाचे होते हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

इमारतीचा हिशेब एका उदाहरणानं बघू. घर १९९५ मध्ये बांधलेलं. पुरात पूर्ण कोसळलं, आणि पूर व विम्याचे २० लाख दोन्ही २०२५-२६ मध्येच. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून घेता येतं. समजा नोंदणीकृत मूल्यांककानं बांधकामाचं मूल्य ५ लाख काढलं. फक्त बांधकामाचं हं, जागा तुमचीच आहे, ती नष्ट झालेली नाही. हे मूल्य रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही.

इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणं, न घेता नफा १५ लाख, दर १२.५ टक्के, कर १,८७,५००. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी मोजून कमी येणारा कर भरायची मुभा आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, २००१-०२ चा १००. म्हणजे ५ लाखांचे १८.८० लाख. नफा १.२० लाख, कर २४,०००. सेस दोन्हींवर वेगळा. एका मूल्यांकन अहवालानं दीड लाखाहून जास्त वाचले. सॉफ्टवेअरमध्ये खरेदी किंमत ‘१९९५, ३ लाख’ एवढंच भरून पुढे जाणारे हे पैसे सोडून देतात.

आणखी दोन गैरसमज. पैसे घर पुन्हा बांधण्यावर खर्च केले म्हणून कर आपोआप माफ होत नाही. कलम ५४ चा (घराचा नफा दुसऱ्या घरात घातला तर मिळणारा) लाभ मागायचा का, हे रिटर्नच्या मुदतीआधी सीएशी बोलून ठरवा. आणि बँकेचं कर्ज असेल तर विम्याचे पैसे बहुधा थेट कर्जखात्यात जातात. ते तुमच्या हातात आले नाहीत तरी तुमच्याच वतीनं मिळाले, हिशेबात धरायचे.

कलमात ‘नुकसान’ आणि ‘नाश’ दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे नुसत्या डागडुजीच्या दाव्याकडेही दुर्लक्ष नको. तिथे नुकसान झालेल्या भागाच्या मूळ किमतीचा पुरावा लागतो. फरशी, दारं, वायरिंगची जुनी बिलं ठेवा, आणि दुरुस्तीची नवीही.

व्यवसायाच्या भागावर घसारा घेत आला असाल तर तिथे रीत वेगळी. इमारतीचा दावा घसाऱ्याच्या ब्लॉकमधून, म्हणजे एकाच घसारा दराच्या मालमत्तांच्या गटाच्या किमतीतून, वजा होतो, आणि मालसाठ्याचा दावा सरळ व्यवसायाच्या उत्पन्नात येतो. समोर बुडालेल्या मालाची खरेदी खर्चात असतेच.

सरकारी मदत आणि इतरांकडून आलेली मदत

केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेकडून आपत्तीची भरपाई मिळाली तर ती कलम १०(१०बीसी) प्रमाणे पूर्ण करमुक्त. अट एकच, त्याच नुकसानीची वजावट आधी घेतलेली नसावी. दुकानाचा बुडालेला माल खर्चात टाकला आणि त्याच मालासाठी सरकारी मदत घेतली, तर तेवढा भाग करपात्र. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १.२० लाख आणि डोंगरी भागात १.३० लाख होते; किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. पक्क्या घराला साडेसहा हजार म्हणजे एका खोलीचा रंगही होत नाही.

नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांवर कर नाही, रक्कम कितीही असो. मित्र, शेजारी, ओळखीपाळखीचे यांच्याकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर गेलं तर मात्र ५०,००० च्या वरचंच नाही, सगळी रक्कम करपात्र होते. वर्गमित्रांच्या ग्रुपवर वर्गणी गोळा करून कुणा एकाच्या खात्यात पाठवणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत आलेली मदत यातून वगळलेली आहे.

दुरुस्तीसाठी कर्ज

स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीसाठी कर्ज घेतलं तर कलम २४(ब) प्रमाणे व्याजाची वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट, फक्त जुन्या कररचनेत, आणि गृहकर्जाच्या २ लाखांच्या मर्यादेच्या आत, वर नाही. पर्सनल लोन असलं तरी चालतं, पण पैसे दुरुस्तीलाच गेले हे दाखवता आलं पाहिजे. ठेकेदाराला बँकेतून पैसे द्या, रोखीनं नको. मुद्दलावर ८०सी नाही. भाड्यानं दिलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जाचं व्याज नव्या रचनेतही भाड्यातून वजा होतं, फक्त तोटा पगारातून वजा करता येत नाही.

रिटर्न भरताना

विम्याच्या दाव्यावरचा भांडवली नफा दाखवायचा असेल तर ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही; आयटीआर-२, आणि व्यवसाय असेल तर आयटीआर-३. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून गाफील राहू नका: २०२५-२६ पासून ८७ए ची सूट, जिच्यामुळे ते १२ लाख करमुक्त होतात ती, या खास दराच्या नफ्यावर मिळत नाही. सामान्य विम्याच्या दाव्यावर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे कर लागणार असेल तर पैसे आल्यानंतरच्या पुढच्या हप्त्यापासून आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज चढतं.

एका फाइलमध्ये पॉलिसीची अनुसूची, हप्त्याची पावती, फोटो, पंचनामा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत, फोड केलेलं सेटलमेंट पत्र, बँकेचा उतारा, मूल्यांकन अहवाल आणि दुरुस्तीची बिलं ठेवा. सगळ्याची स्कॅन प्रत घराबाहेर कुठेतरी असू द्या. पुढच्या पुरात कागदाची फाइल सर्वांत आधी भिजते.